सहा अर्ध्या बाटल्या

"म्हणजे अंगारा द्यायचाच नाही, असंच ना?"

दाभाडे वकिलांचा आवाज कोर्टात चढतो तसा चढला.

चैतगिरी बुवा धुनीपाशी शेंगा सोलत होते. मठात येण्यापूर्वी ते गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जनावर अडलं की तालुका अजून त्यांच्याचकडे येई.

"अंगारा कपाळाला लावतात. तुला तो कुत्र्याच्या कानात घालायचाय."

"मग काय घालू? दीड वर्ष झालं, बुवा! सहा डॉक्टर केले. एकालाही अक्कल नाही! चार दिवस बरं, की पुन्हा पू, पुन्हा तो घाणेरडा वास. काल नातीनं कान धरला, तर अंगावर धावून गेला तिच्या. संध्याकाळी हा घरात दिसला, तर सूनबाई पोरीला घेऊन माहेरी निघाल्या म्हणून समजा."

लांब कानांचा लाडू मान एका बाजूला कलती करून उभा होता.

"दत्ताच्या दारी चार कुत्री असतातच. हे पाचवं ठेवून घ्या."

"पिशवीत काय आहे?"

वकिलांनी पिशवी ओट्यावर उपडी केली. औषधाच्या सात बाटल्या. एकीचं सील शाबूत होतं. नव्या डॉक्टरनं सकाळीच कान तपासून ती दिली होती.

बुवांनी उरलेल्या सहा एकेक करून कानाशी नेऊन हलवल्या. प्रत्येकीत औषध हललं.

"यातली संपलेली कोणती?"

"एकही नाही. खाजवणं थांबायचं ना! मग मुक्या जीवाला उगाच कशाला छळायचं?"

"डॉक्टर किती दिवस म्हणाले होते?"

"चौदा. वर पुन्हा दाखवायला या म्हणे."

"गेलास?"

"बरं वाटल्यावर कोण जातं, बुवा?"

बुवांनी हातातली शेंग टोपलीत टाकली.

"गेल्या साली तुला अनुष्ठान सांगितलं होतं. किती दिवसांचं?"

"एकेचाळीस."

"केलंस किती?"

"नवव्या दिवशी निकाल लागला की! आपल्या बाजूनं."

"मग?"

"...मग उठलो."

बुवांनी कपाळावर हात मारून घेतला. सहाही बाटल्या उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. सातवी मुठीत धरून कोमट केली. कापसानं कानातली वर आलेली घाण पुसली, थेंब सोडले आणि कानाचं मूळ चोळू लागले. आतून चुबुक चुबुक आवाज येऊ लागला.

लाडू गुरगुरला. त्यानं डोकं झटकायला पाहिलं. बुवांचा हात हलला नाही.

हळूहळू त्यानं डोकं बुवांच्या मांडीवर टाकलं.

"बघा, तुमच्याच हाताला गुण आहे!" वकील लगबगीनं उठले. "राहू दे इथेच."

बुवांनी साखळी त्यांच्या एका हातात दिली, बाटली दुसऱ्या हातात.

"सूनबाईला माझा निरोप सांग. कान बरा होईतो कुत्रं ओसरीवर, पोरगी आत. आणि चौदाव्या दिवशी डॉक्टरकडे."

"बरं, बरं." दाराशी वकील पुन्हा थांबलेच. "पण समजा बुवा, चौथ्या दिवशीच खाजवणं थांबलं..."

"थांबेल."

"...मग काय करू?"

बुवांनी शेंगांची टोपली पुढे ओढली.

"त्या दिवशी औषधाला खरी सुरुवात कर."