रोशनोआरची बुजवलेली वेस

ही आमच्या रोशनोआर गावाची पश्चिमेची वेस. कमान शाबूत आहे, पण आत दगड रचून ती बंद केली आहे. नदी इथून हाकेच्या अंतरावर, तरी सगळे गाव उत्तरेकडून वळसा घालून पाण्यावर जाते. वेस कोणी बुजवली ते सांगतो. जसे ऐकले तसे.

फार पूर्वी हे गाव गोसलँ नावाच्या सरदाराचे होते. बाळंतपणात त्याची बायको गेली, मूलही गेले. तेव्हा त्याने गढी थोरल्या बहिणीच्या, आएलिसच्या हवाली केली आणि धर्माची दीक्षा घेतली. पुढे पोपने त्याला कार्डिनल, म्हणजे लाल वस्त्रांचा वरिष्ठ धर्मगुरू, केले आणि राजाराजांमधली भांडणे मिटवायला वकील म्हणून धाडले. तो बोलू लागला, की उपसलेल्या तलवारी म्यानात जात, असे सांगतात.

मग शेजारच्या ड्यूकने याच गावाला वेढा घातला. हिवाळा सरेपर्यंत धान्य संपले. लोक चामडे उकळून खाऊ लागले. तेव्हा कार्डिनल तह घेऊन आला. गावाने वेस उघडायची, ड्यूकचे निशाण लावायचे. कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. ड्यूकने क्रूसावर हात ठेवून तशी शपथ घेतली होती.

आएलिसने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "वेस उघडू तेव्हा तू आत, आमच्यात असशील ना?"

"मला निघायला हवे. तिकडे दोन राजे माझ्यासाठी खोळंबलेत. इथे माझा शब्द आहे."

"शब्द आहे," ती म्हणाली. "मी तुझं विचारत होते."

तो गेला. गावाने त्याच्या भरवशावर वेस उघडली, आणि ड्यूकच्या सैन्याने गाव कापून काढले.

वाटेत निरोप मिळताच कार्डिनल माघारी फिरला. आएलिस त्याला या कमानीखालीच मरून पडलेली सापडली. मेलेल्यांना मूठमाती दिल्यावर त्याने अंगावरची लाल वस्त्रे उतरवली आणि तो जळालेल्या घरांचे दगड वाहून आणून वेस बुजवू लागला. उरलेली माणसे नुसती बघत उभी राहिली. एका विधवेने मात्र जवळ जाऊन विचारले, "आता बंद करून काय उपयोग?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि पुढचा दगड उचलला.

पोपची बोलावणी आली. तो गेला नाही. त्या दोन राजांची लढाई पुढे कित्येक वर्षे चालली म्हणे. तो इथेच एका पडक्या खोलीत राहिला. एकदा वाटणीवरून दोन भावांत तंटा पेटला. त्याने समेट घडवला, तरी थोरला शब्द पाळेल की नाही म्हणून धाकटा भिऊन होता. तेव्हा कार्डिनल धाकट्याच्या घरी जाऊन दाराशी बसला, आणि धाकट्याचे शेत त्याच्या ताब्यात येईपर्यंत उठला नाही.

आजही इथे कुणी दोघांत समेट घडवला, की ठरलेले पुरे होईपर्यंत त्याने दुबळ्या बाजूच्या घरी राहायचे असते. त्याचे जेवण तिथे, झोपणे तिथे. घरातले त्याच्याशी फारसे बोलत नाहीत; तो तिथे असला की झाले.