एकतारी पाक

एकदा एका वृद्ध आचार्यांना खोकला झाला. आचार्य जीवशास्त्राचे मोठे जाणकार. चाळीस वर्षं ते पेशी शिकवत होते, आणि चाळीस वर्षांत त्यांनी आपलं एकही वाक्य बदललं नव्हतं. लोक याला निष्ठा म्हणत.

त्यांच्या आश्रमात एक शिष्या होती. तिची आई बाजारात मोरावळा विकायची. ‘पेशी बाहेरचं आत कसं घेते’ हे प्रकरण काही केल्या तिच्या तोंडी बसेना. तीनशे वाक्यं. आचार्य ती पहिल्या दिवशी घडाघडा सांगत आणि दुसऱ्या दिवशी म्हणून घेत. ही दहाव्या वाक्याशी थांबून ‘का?’ विचारायची. उत्तर ठरलेलं होतं: “आधी पाठ कर.”

अखेर आचार्यांनी निकाल दिला. “पौर्णिमेला सगळं म्हणून दाखव. नाही जमलं तर आईकडं परत जा. तुझ्या डोक्याचं कातडं जाड आहे, पोरी. आत काही शिरतच नाही.”

परत जाणं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. गल्लीतल्या एकूण एक शहाण्याची ‘आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणायची सोय होणार होती.

त्याच दिवशी खोकल्यावर उपाय म्हणून टोपलीभर आवळे आले. मोरावळ्याचं काम अर्थातच तिच्याकडं. आचार्य म्हणाले, “पाक चांगला घट्ट कर आणि आवळे त्यात सोड. पौर्णिमेपर्यंत मुरतील.”

“एकदम घट्ट पाक चालत नाही, गुरुजी.”

“साखर जितकी जास्त, तितकी लवकर आत शिरेल. यात न कळण्यासारखं काय आहे?”

तिनं आवळ्यांचे दोन वाटे केले. एक वाटा आज्ञेबरहुकूम कच्चाच घट्ट पाकात सोडला. दुसऱ्यातला एकेक आवळा काट्यानं टोचला, उकळत्या पाण्यातून काढला आणि दोन बोटांत धरला तर एकच तार सुटेल अशा पातळ, एकतारी पाकात ठेवला. मग रोज सकाळी ते आवळे उपसायचे, पाक थोडा आटवायचा, निवला की आवळे पुन्हा आत. सोबतचे शिष्य हसत. “वाक्यं पाठ करायची सोडून ही पाक ढवळतेय. आत्तापासूनच दुकानाची तयारी.”

पौर्णिमा आली. आचार्य चौरंगावर बसले, शिष्य खाली चटईवर. “म्हण,” आचार्य म्हणाले.

तिनं दोन बरण्या त्यांच्यापुढं ठेवल्या.

“हा कुठला पाठ?”

“तोच, गुरुजी. उघडून बघा.”

पहिल्या बरणीतले आवळे आक्रसून सुपारीएवढे झाले होते, आणि घट्ट पाक पाण्यासारखा पातळ. दुसरीतले टपोरे, मधाच्या रंगाचे.

“हे पहिले तुमच्या आज्ञेतले,” ती म्हणाली. “पेशीचा पडदा पाण्याला सहज जाऊ देतो, साखरेला नाही. बाहेर एवढा पाक दाटला की साखर आत जायच्या आधी आतलं पाणीच बाहेर निघून गेलं. तुमच्यासमोर बसलं की माझंही हेच होतं. जे येत असतं तेही जातं.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

“दुसरे तू टोचलेस,” आचार्य म्हणाले. “म्हणजे आम्ही शिष्यांनाही टोचायचं?”

“टोचणं रोज चालूच आहे, गुरुजी. पाक पातळ करायचं तेवढं राहिलंय.”

आचार्यांचा चेहरा लाल झाला. “उकळून तू आवळ्याचा पडदा मारलास. जिवंत पेशीचं सांग. ती साखर कशी घेते?”

“तिच्या पडद्यात साखरेच्या मापाची दारं असतात. साखर दाराशी भिडली की दार तिला आत सोडतं.”

“आणि जे त्या दारात मावणार नाही, ते?”

हे प्रकरणातलं शेवटचं वाक्य. तिथपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. तिनं क्षणभर बरणीकडं पाहिलं, मग एक टपोरा आवळा उचलून ताणलेल्या ओढणीवर ठेवला. ओढणी खाली वाकली. तिनं कापड आवळ्याभोवती गोळा करून वरून चिमटीत धरलं.

“पडदा असा आत वाकत असेल,” ती सावकाश म्हणाली. “त्या वस्तूला आपल्यातच गुंडाळून घेत असेल. आणि एवढा तुकडा आपल्या अंगापासून तोडून आत सोडत असेल. मोठं काही आत घ्यायचं तर आपला काठ थोडा द्यावाच लागणार, गुरुजी.”

हे वाक्य आचार्यांनी चाळीस वर्षं नुसतं म्हणून घेतलं होतं.

मग ते चौरंगावरून उतरले आणि तिच्यासमोर चटईवर बसले. पहिल्या बरणीतला एक आवळा त्यांनी तोंडात टाकला. तो चामड्यासारखा चिवट होता. पुष्कळ वेळ चावून त्यांनी तो गिळला.

“ती दुसरी बरणी पोरांना वाट,” ते म्हणाले. “ही मी संपवेन.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच वाक्य शिकवलं, आणि कुणी ‘का?’ म्हणतं का, याची वाट पाहत बसले. ती दहाव्या वाक्यापर्यंत थांबली नाही.

पोरांची कातडी जाड आहे असं म्हणण्याआधी मोठ्यांनी आपला पाक एकदा दोन बोटांत धरून पाहावा.