पाणी दिलेलं पातं

"पाणी दिलेलं पातं पुन्हा जाळाला दाखवायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

केरबा वस्तादांच्या भट्टीवर उल्काला पहिल्याच दिवशी हे बजावलं होतं. दोन वर्षं तिनं विचारलं नाही. धातुशास्त्राची पदविका गाठीशी असून विचारलं नाही, याचा तिला आता राग येत होता.

आज ती मोडकी विळी घेऊनच वस्तादांसमोर उभी राहिली.

"का नाही दाखवायचं?"

वस्ताद बाजेवर बसून सुपारी कातरत होते. भट्टी आता त्यांचे दोन मुलगे चालवत, सदाशिव आणि मारुती.

"कुणाची विळी?"

"आपल्याच भट्टीची. शेजारच्या कमळाबाई भोपळा चिरत होत्या. पातं बुडाशी मोडलं. तळहाताला सहा टाके."

वस्तादांनी मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. आत खडीसाखरेसारखा दाणा होता.

"बाजारातली स्वस्त विळी मोडते, तशीच मोडली," उल्का म्हणाली. "पाणी दिलं, म्हणजे लाल पातं पाण्यात बुडवलं, की ते कडक होतं. पण काचेसारखं कडक. त्याला परत मंद शेक दिला, तरच ते चिवट होतं. कारखान्यात तेवढा वेळ कोण देतो? वरून चकाकी आणली की झालं. पुस्तकात पानभर दिलंय हे. आणि आपल्याकडे शेक न द्यायचा नियमच आहे."

"मग त्या पानानंच चीर भोपळा," भट्टीपाशी बसलेला मारुती म्हणाला.

वस्ताद हसले नाहीत.

"नियम कुणी केला?"

"तुम्ही."

"मग?"

"मग चुकीचा केलात."

ऐरणीशी बसलेल्या सदाशिवनं हातातला हातोडा खाली ठेवला. "जीभ आवर, उल्का. आज तुझा दिवस आहे."

होताच. एका व्यापाऱ्यानं कारखान्याच्या भावात दोनशे विळ्या मागितल्या होत्या. पाती लाकडी पाटांवर बसवून विळ्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. त्या पाटांवर आज उल्कानं तापलेल्या ठशानं स्वतःची छाप उमटवायची होती. छाप पडली की ती कारागीर. या भट्टीवर आजवर एकाही बाईची छाप पडली नव्हती.

वस्ताद उठले. अजून पाणी न दिलेलं एक पातं उचलून त्यांनी जाळात सारलं. ते लाल झाल्यावर सांडशीत धरलं आणि पाण्यात बुडवलं. नुसती धार. पाठ बाहेरच.

लगेच पातं वर काढलं, धारेशी विटेच्या तुकड्यानं घासलं आणि तसंच धरून उभे राहिले...

"आता काय?"

"बघ."

...

पाठीतली उरलेली धग धारेकडे उतरू लागली. घासलेल्या लोखंडावर निळा रंग सरकत आला. त्याच्या पुढे तांबूस, आणि सगळ्यात पुढे वाळल्या गवतासारखा पिवळा. पिवळा धारेला टेकला, तसं वस्तादांनी सबंध पातं पाण्यात सोडलं.

जाळाची गरजच नव्हती. पातं आपल्याच धगीवर शेकून निघालं होतं. आता जाळाला दाखवलं, तर उलट धार मऊ पडली असती.

"हे नियमात का नाही सांगितलंत?"

"सांगायचं काय? मी थांबायचो. समोर दिसत होतं."

ती मारुतीकडे वळली. "काका, तुम्ही थांबता?"

"दहा-दहा पाती एकदम बुडवायची, सबंध. त्यात थांबायचं कशाला?" मारुती म्हणाला. "पण नियम पाळलाय हं. एक पातं पुन्हा जाळाला लावलेलं नाही."

"उद्या टेम्पो येतोय," सदाशिव म्हणाला. "या भावात घेणाराला ठाऊक असतं. मोडली तर दुसरी घेईल."

वस्तादांनी तोवर ठसा तापवला होता. त्यांनी त्याची मूठ उल्कापुढे केली.

"मार."

तिनं ठसा घेतला. पहिल्या पाटावर धरला. लाकडाला टेकायला बोटभर अंतर उरलं होतं.

"नाही."

"आज नाही, तर परत छाप मिळायची नाही," सदाशिव म्हणाला.

"नको मिळू दे. माझ्या छापेच्या विळीनं कुणाचा हात फाटलेला मला नकोय. सगळी पाती सोडवा. मी एकेक पुन्हा जाळावर धरते, पिवळी पडेपर्यंत. नियम मोडत असेल, तर मोडू दे. तोवर एकाही पाटाला मी ठसा लावणार नाही."

सदाशिव आणि मारुती बापाकडे बघत राहिले. बापानं आता हिला चार शब्द सुनवावेत, अशी दोघं वाट बघत होते...

ठसा उल्काच्या हातातच निवून काळा पडला.

"सदा," वस्ताद म्हणाले, "ऐरणीपासून सरक. तिला बसू दे."