परतीचा हुकूम

“सर, म्हणजे लग्न लागायच्या आधीच काडीमोडाची तारीख धरायची?”

मृण्मयीनं काळ्या पडद्यावरची नजर काढली. शेजारी काशीद सर शेंगा सोलत होते; मागच्या टेबलावरून मी बघत होतो. डोंगरावरच्या भैरवमाळ दवाखान्यातली सगळी यंत्रं एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच इथं खाली ऑफिसात बसूनच, हुकूम टाइप करून चालवायचा. आज त्याला हृदयाचा आलेख काढणारं नवं यंत्र जोडायचं होतं. ते जमलं, तर शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा स्विच सर तिच्या हाती देणार होते. आजवर त्यांनी तो कुणालाही एकट्याला हाताळू दिला नव्हता.

“आधी तोच, परतीचा हुकूम,” सर म्हणाले. “रद्द केला नाहीस, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप बंद होऊन जुन्या मांडणीनं पुन्हा सुरू होईल.”

“माझा माझ्यावर भरवसा आहे, सर.”

“माझाही आहे... टाइप कर.”

तिनं नाक मुरडत टाइप केलं. मग पुढचे हुकूम असे धडाधड दिले, की बघत राहावं! नव्या यंत्राची वाट स्विचच्या यादीत घातली... आणि पडदा गोठला.

बाईसाहेबांनी नवी वाट जोडायच्या ऐवजी जुन्या सगळ्या पुसून ती एकटीच ठेवली होती. ज्या वाटेनं त्या स्वतः आत शिरल्या होत्या, तीसुद्धा गेली!

मोबाइल वाजला. “मॅडम, इथं सगळंच बंद पडलंय हो!” दवाखान्यातल्या सिस्टर रडकुंडीला आल्या होत्या.

मृण्मयी ताडकन उठली. “सर, गाडी काढते. वर पोचायला संध्याकाळ होईल, पण...”

सरांनी शेंगांची पुडी तिच्यापुढे सरकवली.

“खा.”

...

शेंगा संपायच्या आत दहा मिनिटं भरली आणि स्विच जागा झाला. सगळं जसंच्या तसं.

तिनं खुर्ची पुढं ओढली. या वेळी कुणी सांगायच्या आधीच परतीचा हुकूम दिला. मग एकेक ओळ पुटपुटत वाट जोडली.

मोबाइलवर सिस्टर ओरडल्याच, “मॅडम, आलेख पोचला! शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दिसला!”

“जिंकलो!” मृण्मयीनं दोन्ही हात उंचावले... लगेच खाली घेतले, परतीचा हुकूम रद्द केला, नवी मांडणी जतन केली आणि मग पुन्हा उंचावले. खरं सांगतो, मला राहवेना. मी खणखणीत टाळ्या वाजवल्या.

सर उठले. पडद्यावर मोठ्या रुग्णालयाचा स्विच उघडून दिला आणि पायांत चपला सरकवल्या.

“सर, मी एकटी? अहो, आत्ताच मी अख्ख्या दवाखान्याचं नेटवर्क बंद पाडलं होतं!”

“म्हणून तर,” सर म्हणाले, “मी आज निवांत जेवायला चाललोय.”