रिकाम्या रुमालांचा खडक

कुसरगावच्या तळ्याच्या पूर्वेकडे एक रुंद, काळा, जवळजवळ सपाट खडक आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावकरी त्यावर लाल खारव्याची जुनी चौकोनी फडकी उन्हात पसरतात. प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने एकेका गावाचे नाव शिवलेले आहे. जुन्या काळी सरकारी कागद अशाच कापडात बांधून ठेवत आणि त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. या रुमालांत आता एकही कागद नाही. तरी त्या दिवशी खडकावर कोणी चप्पल घालून चढत नाही.

गावदेवीच्या देवळाची देखभाल करणारे बाळाप्पा चौगुले पाहुण्यांना ही हकिगत सांगतात. मध्यंतरी एका कॉलेजच्या पोराने विचारले, "आप्पा, रिकाम्या फडक्याला ऊन कशाला?"

"तुझा मोबाइल रोज चार्जिंगला लावतोस न्हवं? आम्ही ह्यास्नी वर्सातनं एकदाच लावतो," आप्पा म्हणाले, आणि मग सांगू लागले.

कुसरगावात पूर्वी एका लहानशा संस्थानाचे दफ्तर होते, असे सांगतात. गावोगावचे सारे कागद इथे, गावागावाच्या रुमालात. नरसोपंत नावाचे दफ्तरदार ते सांभाळत. पावसाळा सरला की कागद याच खडकावर उन्हात घालत आणि वेखंडाची पूड टाकून पुन्हा बांधत. लिहिण्याची एक रीत होती. रुमालावर गावाचे नाव असायचेच, म्हणून आतल्या कागदावर कारकून ते पुन्हा लिहीत नसत. 'मौजे मजकूर' एवढेच लिहीत, म्हणजे ज्या गावाचा रुमाल तेच गाव. पिढ्यान्‌पिढ्या त्यात कधी घोटाळा झाला नाही, कारण कागद आणि कापड कधी वेगळे झालेच नव्हते.

संस्थान विलीन झाले आणि हुकूम आला की जुने कागद शहरातल्या सरकारी अभिलेखागारात जमा करावेत. गाव तयार नव्हते. तळे गावाचे आहे, त्याचे पाणी गावाचे आहे, याची सनद त्याच दफ्तरात होती. ती हातची गेली तर उद्या काय दाखवायचे, असे लोकांचे म्हणणे. त्यांना समजावले ते नरसोपंतांनीच. इथे छप्पर गळते, वाळवी लागते. तिथे पक्की इमारत आहे, जाणकार माणसे आहेत, शिवाय कोणालाही कागद पाहता येईल. गावदेवीसमोर त्यांनी वहाणा उतरवल्या आणि शब्द दिला, "तिथं दफ्तर नीट लागल्याचं डोळ्यांनी बघेन, तेव्हाच पायात घालीन." गावाने मान डोलावली.

मग एक अधिकारी ट्रक घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, म्हणे. त्याने एकेक रुमाल सोडायला लावला आणि कागद पोत्यांत भरायला सांगितले.

"साहेब, रुमाल सोडू नका. गावाचं नाव त्याच्यावर आहे," पंत म्हणाले.

"दफ्तरदार, हुकूम कागदांचा आहे. ही फडकी मी कुठं दाखवू?"

"कागद ओळखायचा कसा मग?"

"कागद सगळे आले ना? मग झालं तर."

एकही कागद त्याने मागे ठेवला नाही. सरकारने इतिहास ताब्यात घेतला तो असा, पोत्यांत भरून आणि ओळख मागे टाकून. या कामाची पुढे त्या अधिकाऱ्याला शाबासकीही मिळाली असे सांगतात, आणि ते खोटे वाटण्याचे काही कारण नाही.

नरसोपंतांनी रुमाल गोळा केले, डोक्यावर घेतले आणि अनवाणी शहर गाठले. अभिलेखागाराच्या दारावरच्या शिपायाने गाठोडे हुंगून पाहिले.

"कापडातनं कसर येते, कागद खाते. आत न्यायचं नाही."

"यात वेखंड आहे, बाबा. आतल्या साहेबांना एवढंच सांग, कागदांची नावं बाहेर उभी आहेत."

शिपाई आत जाऊन आला. साहेबांनी अर्ज करायला सांगितला होता. पंतांनी अर्ज केला. पुढेही करत राहिले. एकाचेही उत्तर आले नाही.

असे होता होता तळ्याची चौकशी निघाली. खालच्या अंगाला एक कारखाना उभा राहत होता आणि त्याला पाणी हवे होते. गावाला विचारले गेले, तळे तुमचे याला आधार काय? सनद सरकारकडेच आहे, असे गावाने कळवले. शोध झाला. कुसरगावच्या नावाचा एकही कागद सापडला नाही. 'मौजे मजकूरचे तळे मौजे मजकूरने राखावे' अशा सनदा मात्र बऱ्याच निघाल्या. त्यातली कुसरगावची कोणती, ते कोणालाच सांगता येईना. आधार नाही म्हणून तळे सरकारजमा झाले आणि त्याला तारेचे कुंपण पडले.

कुंपणाशी रिकामी घागर घेऊन उभी असलेली एक म्हातारी पंतांना म्हणाली, "पंत, सनद सरकारच्या घरात सुखरूप हाय म्हनला हुता. आना की मग."

पंत घरी गेले, रुमाल घेऊन आले आणि कुंपणाबाहेर राहिलेल्या खडकावर एकेक पसरू लागले. दसऱ्याचा दुसरा दिवस होता तो, दफ्तराला ऊन दाखवायचा. पुढे दरसाल त्या दिवशी ते हेच करत आणि एका वर्षी तिथेच, घडी घातलेल्या रुमालांशेजारी बसल्या बसल्या गेले. पाय अनवाणीच होते. तेव्हापासून हे काम गावाने आपल्याकडे घेतले. या रुमालांना कसर लागत नाही, म्हणे. वेखंडाचा गुण, असे शाळेतले मास्तर सांगतात. "वेखंड तर घरच्या कापडांनाबी घालतो आम्ही," आप्पा म्हणतात. "ती खातीया की कसर."

कॉलेजचे पोर म्हणाले, "मग आता परत अर्ज करा ना."

"गेल्या साली केला. उत्तर आलं की. कागद सुरक्षित आहेत, म्हणून."

आजही तळ्याला कुंपण आहे आणि कागद शहरातल्या पोत्यांत आहेत. आजही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन उतरले की अनवाणी माणसे खडकावरचे रुमाल उचलतात, वेखंड भुरभुरतात आणि एकेकाची गाठ बांधतात. कुसरगावचा रुमाल सगळ्यात शेवटी. एकजण फडक्याच्या मधे दोन्ही हात धरतो, कागदांच्या जाडीएवढे अंतर ठेवून, आणि दुसरा त्यावरून गाठ मारतो. मग पहिला माणूस आपले हात हळूच काढून घेतो. तेवढी जागा आत राहते.