येताना काय आणलंत?

“पलीकडच्या काठावरून साळिंदरं निघालीत म्हणे. आणि एकदा का ती इथं पोचली, की त्या जांभळीची साल...”

एवढं बोलून बगळा उडालाच. बरोबरचा बगळाही त्याच्या मागे गेला. बोलणं राहिलं अर्धं, आणि वरच्या फांदीवर कान टवकारून बसलेली खार धावत आपल्या पिल्लांपाशी गेली.

मुलांनो, ही खार नदीच्या मधोमध असलेल्या एका बेटावर राहत असे. बेटावर मोठं झाड एकच, ते जांभळीचं. त्याच्या ढोलीत तिची तीन पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. साळिंदराच्या दातांबद्दल ती ऐकून होती. त्यानं खोडाची साल चहूबाजूंनी सोलली, की झाड उभ्या उभ्या वाळतं. “म्हणजे माझं घर गेलंच म्हणायचं,” ती पुटपुटली. बगळ्यानं न सांगितलेलं सगळं तिनं आपल्या मनानं पुरं केलं, आणि दुपारपर्यंत बिळाबिळांत पोचवलंसुद्धा.

आता या बेटाची हकिकत अशी, की फार पूर्वी इथं नुसती वाळू नि खडक होते. एका टिटवीला ते उडता उडता दिसलं. तिनं काठाकाठानं ओरडत सगळ्यांना सांगितलं. मग कासव पोहत आलं. पहिल्या सशाच्या पायाला चिकटून हरळी आली, पहिल्या कोल्ह्याच्या पोटातून बोरं आली, वटवाघळानं जांभळाचं बी टाकलं. तेव्हापासून रीत पडली, की येणाऱ्यानं एक तरी बी आणायचं, ते काठाशी पुरायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. विचारायचं काम म्हाताऱ्या कासवाकडे.

उन्हाळ्यात पाणी आटलं, की पलीकडच्या काठापासून बेटापर्यंत आडवा पडलेला एक ओंडका उघडा व्हायचा. येण्याजाण्याची वाट तेवढीच.

“कोल्हेदादा, तो ओंडका पाण्यात ढकलून द्या. सगळ्यांचंच भलं होईल,” खार म्हणाली.

“खात्री आहे ना, खारूताई? ढकलायला जोर लागतो.”

“बगळ्यानं सांगितलंय.”

“बगळ्यानं आजवर पुरतं असं काय सांगितलंय?” कोल्हा म्हणाला. पण मनातून तोही धास्तावला होता. त्यानं आणि सशानं ओंडक्याला खांदा लावला, आणि नेमकी तेव्हाच ओंडक्याच्या मध्यावर साळिंदरं दिसली. एक आई, तिच्यापुढं दोन पिल्लं. आईचे काटे टोकाला करपलेले होते.

कासवानं मान बाहेर काढली. “बाई, येताना काय आणलंत?”

“काही नाही, आजोबा,” साळिंदर म्हणाली. “टेकडीला वणवा लागला. एकेक पिल्लू तोंडात धरून जाळातून काढलं. दुसरं काही धरायला तोंड नव्हतं.”

“ऐकलंत?” खार घाईनं म्हणाली. “रीत म्हणजे रीत. ढकला.”

ओंडका हलला. पुढच्या पिल्लाचा पाय घसरला, पण आईनं त्याला दातांत धरून वर ओढलं. खाली पाणी खोल होतं.

“खारूताई,” कासव सावकाश म्हणालं, “तुझ्या आईनं काय आणलं होतं, ठाऊक आहे?”

“आणलं असेल की बोराचं बी.”

“नाही. पुराच्या वर्षी ती एका फांदीवर बसून वाहत आली. तोंडात तू होतीस. बी धरायला जागाच नव्हती. मग मीही विचारलं नाही.”

कोल्ह्यानं ओंडक्यावरचा खांदा काढून घेतला. साळिंदरं काठाला लागली, तेव्हा खार पुढं झाली, आणि गालात जपून ठेवलेलं बोराचं बी तिनं साळिंदरीपुढं ठेवलं. “हे पुरा तुमच्या नावानं. पण त्या जांभळीला दात लावायचा नाही. माझी पिल्लं आहेत तिथं.”

“दात आवरीन,” साळिंदर म्हणाली, “पण माझ्या पिल्लांच्या भुकेचं वचन कसं देऊ?”

पुढं कितीतरी दिवस खारीचा डोळा लागला नाही. कुठं खुट्ट वाजलं, की ती खोडाभोवती फेरी मारून यायची. आणि एका सकाळी दिसलंच. नदीकडच्या बाजूला वीतभर साल गेली होती. साळिंदर खाली मान घालून उभी होती. “काल कंद मिळाले नाहीत,” एवढंच ती म्हणाली.

पण साल गेली ती तेवढीच. झाड वाळलं नाही. कंदांसाठी साळिंदरांनी बेटभर खड्डे उकरले होते. त्यांत पावसाचं पाणी साठलं, आणि खारीनं पुरून विसरलेल्या बियांना तिथं कोंब फुटले. तोवर तिची पिल्लं उड्या मारायला लागली होती. रोपं दिसली, की ती तिकडेच धावायची.

पुढं एकदा बगळा दिसला तेव्हा खारीनं त्याला गाठलंच. “त्या दिवशी पुढं काय म्हणणार होतास रे?”

बगळ्यानं मान वेळावली. “काही नाही. मलाही तेवढंच ठाऊक होतं.”

खारीनं एकदा वीतभर सोललेल्या खोडाकडे पाहिलं आणि एकदा रोपांकडे.

तात्पर्य : नव्यानं आलेल्याचा थोडा त्रास होतोच, पण त्याला वाटेतून परतवण्याआधी आपल्यालाही कुणीतरी काही न विचारता आत घेतलं होतं, हे आठवावं.