मीठखिंडीत ओझं का उतरवतात

खिंडीच्या तोंडाशी ही खळ्याएवढी पांढुरकी जागा दिसते ना, तिथं भर पावसातही गवत उगवत नाही. सगळा डोंगर हिरवा होतो, एवढीच उघडी राहते. बसा, दम घ्या. सांगतो.

फार पूर्वी या वाटेनं मीठ वर यायचं, माणसांच्या डोक्यावरून. पायथ्याला गोणी उचलायची, वर देसायांच्या कोठारात टाकायची, तिथून धान्य घेऊन परत उतरायचं. रिकाम्या हातानं खिंडीत यायचं नाही, वाटेत थांबायचं नाही, असा हुकूम होता. कुणी रिकामा दिसला, की चौकीवरचा नाईक चाबकानं त्याची पाठ सोलायचा. नुसतं हिंडायला निघावं, ते पालखीतल्या माणसांनी. ओझेकरी चढताना खालचा समुद्र त्यांच्या पाठीशी आणि उतरताना नजर पायाशी. जन्मभर ये-जा करून त्यांनी तो धड पाहिला नव्हता, म्हणे.

गोजाईचा नवरा केरू याच चढावर गोणीखाली कोसळला. रक्त ओकत म्हणाला, "मागं काय चकाकतं गं ते? बघायचं राहिलं."

"मी बघीन. दोघांचं," ती म्हणाली.

नाईकानं केरूचं प्रेत लाथेनं दरीत ढकललं आणि तिला पुढं हाकललं. गोजाई इथवर आली. गोणी उतरवली, मागं वळली आणि खाली बसली.

"कुणाची वाट बघतेस गं?" मागून आलेल्या नाईकानं विचारलं.

"कुणाची नाही, नाईक. समुद्र बघते."

"तुझं काय काम त्यात?"

"काम नाही. म्हणून तर बसले."

"ओझं नको काय? मग हे घे." त्यानं शिपायांकडून तिच्या पाठीवर धोंडे रचवले. बरगड्या मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला, असं सांगतात. तरी ती म्हणाली, "नाईक, तुम्हीही जन्मभर इथंच उभे. कधी बघितलात का?" त्यानं तिचं तोंड फोडलं. तिनं मान वळवली नाही.

तेव्हा केरूची बहीण तान्ही हिनं गोणी उतरवली. मग तिच्यामागच्यानं. मग साऱ्यांनी. तलवारी चालल्या, माणसं गोण्यांवर पडली, गोण्या फाटल्या, इथं सांडलेलं मीठ लाल झालं. पण गोणी कुणी उचलली नाही. लोकांनी धोंड्यांनी नाईकाला ठेचलं आणि केरूच्या मागोमाग दरीत लोटलं. शिपाई पळाले. तान्हीनं गोजाईच्या पाठीवरचे धोंडे काढले. सूर्य पाण्यात टेकला, तेव्हा "दोघांचं बघून झालं," म्हणून गोजाईनं डोळे मिटले.

त्यानंतर ओझी उचलायला कुणी गेलंच नाही. वरची कोठारं अळणी पडली, तेव्हा देसायांना हुकूम मागं घ्यावा लागला. मग गावंच्या गावं भाकरी बांधून येऊ लागली. काही काम नसताना. नुसती बघायला.

आजही या खिंडीत कुणी "काय काम काढलंत?" असं विचारत नाही. आणि ओझं उतरवल्याशिवाय कुणी समुद्र दिसतो त्या समोरच्या कड्यावर जात नाही. म्हणून म्हणतो, ताई, ती पिशवी ठेवा इथं. लेकराला द्या माझ्याकडे, मी सांभाळतो. तुम्ही जा, बघून या. सावकाश या.